कुंभारणीचं घर

शेजारची शालनवहिनी वाटी घेऊन दारात उभी होती आणि माझी सासू तिला नाही म्हणत होती.

मी आत तांदूळ निवडत बसले होते. निवडत होते म्हणजे ताट मांडीवर होतं, एवढंच. पण हे ऐकून मीसुद्धा मान वर केली, कारण माझी सासू कुणाला नाही म्हणणारी बाई नव्हती. तिकडे आम्ही सुना सासूला आत्या म्हणतो. आत्यांकडे विरजण मागा, बाळंतिणीसाठी खाट मागा, पाहुणे आले म्हणून कोंबडी मागा, त्या देणार आणि वर 'परत द्यायची घाई करू नगंस' म्हणणार.

"पोरीचं दोन्ही गाल हे एवढालं सुजल्यात, आत्ती," शालनवहिनी म्हणत होती. "गालगुंडच हाईत. चमचाभर माती खरवडून दे. उगाळून लावते."

"न्हाय मिळायची."

"अगं, रिकामंच असंल की ते आता. कुंभारीण कवाच उडून गेली असंल."

"शालन, एकदा न्हाय म्हणलं ना. मारुतीच्या देवळामागं जा. तिथं भिंतीला तीन-चार घरं हाईत, त्यातलं घे."

शालनवहिनी वाटी पदराखाली घेऊन गेली. जाताना तिने आत माझ्याकडे बघितलं. तिला राग आला नव्हता, कीव आली होती. 'हिच्यापायी म्हातारी ती माती जपतीय' असा तिचा चेहरा होता, आणि ते मला रागापेक्षा जास्त लागलं.

ज्यांनी कुंभारीण बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. गांधीलमाशीच्याच जातीतली ती एक बारीक कमरेची माशी. ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून आणते आणि भिंतीवर, चौकटीवर घर लिंपते. लिंपताना गुणगुणते. तिच्या वाटेला गेलो नाही तर ती चावत नाही. गालगुंड झाले की तिच्या घराची माती उगाळून लावायची, ही आमच्या भागातली रीत. आणि दुसरी रीत अशी, की घराच्या भिंतीला कुंभारणीने घर केलं की त्या घरात पाळणा हलणार. ते घर मोडायचं नाही. मोडलं तर काय होतं ते कुणी तोंडाने बोलत नाही, पण माहीत सगळ्यांना असतं.

मी मूळची कराडची. मला हे काही माहीत नव्हतं. लग्न होऊन पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यात गेले तेव्हा कळलं. मला दिवस गेल्याचं आत्यांना सांगायच्या आधीच ती माशी आमच्या दारावर माती आणायला लागली होती. आत्या पायरीवर बसून तिच्याकडे बघायच्या आणि गालात हसायच्या. मी सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "मला ठावं हाय. हिनं आधीच सांगितलंय." पुढे तर आल्यागेल्याला माझ्या पोटाऐवजी दारावरची भिंतच दाखवायच्या. मी तशी फटकळ. एकदा म्हणाले, "आत्या, बाळंत मी होणार आहे का ती?" त्यांनी माझ्या पाठीत हलकेच धपाटा घातला आणि दोघी हसलो. आमचं असं बरं चाललं होतं.

सातव्या महिन्यात मी बाळंतपणासाठी माहेरी गेले. आठव्यात एका दुपारी डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि त्यानंतरचं मला काही आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा मी दवाखान्यात होते, पोट सपाट होतं आणि आई पंख्याकडे बघत बसली होती. रक्तदाब वाढला, झटके आले, मूल आतच गेलं, तू वाचलीस हे नशीब, हे सगळं तिने एका दमात सांगून टाकलं.

"कुठंय?" मी विचारलं.

"अंकुशरावांनी सोय केली. गावाकडं घेऊन गेले."

सोय. पाहुण्यारावळ्यांची करतात तशी.

"मुलगा होता की मुलगी?"

"आता काय करायचंय विचारून? विसरून जा बाई."

मी नर्सला विचारलं. ती म्हणाली, माझी ड्यूटी नव्हती. भावजयीला विचारलं तर ती तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मग मी विचारायचं सोडलं. तिसऱ्या दिवशी दूध आलं. त्याला कोण सांगणार विसरून जा म्हणून. दूध आटावं म्हणून आईने मोगऱ्याची ओंजळभर फुलं फडक्यात घेऊन माझ्या छातीला घट्ट बांधली. चार दिवस माझ्या अंगाला लग्नघराचा वास येत होता.

रडू मात्र आलं नाही. भेटायला येणाऱ्या बायका रडायच्या आणि मी त्यांना चहा करून द्यायचे. साखर कमी आहे का विचारायचे. जेवण जात होतं, झोप लागत होती. कुणी म्हणालं, बाई धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा. माझ्या आत काही हलतच नव्हतं, एवढंच.

सव्वा महिना झाल्यावर सासरी परत आले. आत्यांनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मी सहज वर बघितलं. दाराच्या चौकटीवर ते घर जसंच्या तसं होतं. आधीपेक्षा जरा थोराडच वाटलं मला. शेजारी एक नवा बल्ब लागला होता. अंकुश वीज मंडळात वायरमन, तेव्हा बल्बचं मला काही विशेष वाटलं नाही.

अंकुश म्हणजे माझा नवरा. त्या काळात नाव घ्यायची रीत नव्हती, मी 'अहो' म्हणायचे. आता या वयात खुशाल नाव घेते, कोण काय म्हणणार आहे.

तो आधीपासूनच कमी बोलणारा. मी आल्यापासून तर अगदीच मुका झाला. सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी यायचा, हातपाय धुवायचा, भिंतीकडे तोंड करून निजायचा. एकदा मी धीर करून विचारलं, "आपलं बाळ कुठे ठेवलंत?" तो उठून बाहेर गेला आणि जेवायच्या वेळेलाच परत आला. मी ताट वाढलं. तो जेवला. मला वाटलं, याचं आपलं झालंगेलं गंगेला मिळालं. दगड आहे हा माणूस.

त्यामुळे माझं सगळं लक्ष त्या घरावर जाऊन बसलं. पाणी आणायला बाहेर पडले की डोक्यावर ते. धुणं घेऊन आत आले की डोक्यावर ते. येणारी प्रत्येक बाई आधी वर बघायची आणि मग माझ्याकडे बघायची. मला माणसांचा राग येत नव्हता, देवाचा येत नव्हता, पण त्या मूठभर मातीचा यायला लागला. मनाशी ठरवून टाकलं, ते भिंतीवरून गेलं तर मी या घरात राहीन, नाहीतर नाही.

एका संध्याकाळी अंकुश पायरीवर बसून कुणाचा तरी मिक्सर दुरुस्त करत होता. मी म्हणाले, "अहो, ते दारावरचं काढून टाका."

"काय?"

"कुंभारणीचं घर. येता-जाता दिसतं मला ते."

त्याचा हात थांबला. "ऱ्हाऊ दे."

"का म्हणून राहू दे? ज्याच्यासाठी जपलं होतं ते काही झालं नाही. आता काय शोभेला ठेवायचंय?"

"ऱ्हाऊ दे, सुलभा."

"मग नीट ऐका. एक तर ते राहील, नाहीतर मी. काय ते आत्ता सांगा."

त्याने मिक्सरचा एक स्क्रू पिळून घट्ट केला. मग म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे."

झालं. मला उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरकडे दादासाठी निरोप दिला, रविवारी मला न्यायला ये. किती दिवसांसाठी ते सांगितलं नाही. घरात सांगितलं तेव्हा अंकुशने मान हलवली. आत्या म्हणाल्या, "जा. जीव रमंल तुजा. पर परत ये." खरं सांगायचं तर परत यायचा माझा विचार नव्हता, आणि त्याचं मला दुःखही होत नव्हतं. माझ्या दोन बऱ्या साड्या मी पिशवीत घातल्या, दिवस गेल्यावर शिवलेले सैल झंपर तसेच फळीवर राहू दिले.

शालनवहिनी वाटी घेऊन आली ती त्याच आठवड्यात. तिला नाही म्हटलेलं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. आत्यांना अजून नातवंडाची आशा आहे, म्हणून एका आजारी पोरीला चमचाभर माती द्यायला यांचा हात उठत नाही, असं मी धरून चालले. माझी जागा त्या घरात आता तेवढ्यापुरतीच, असंही वाटलं.

शुक्रवारी पाटलांकडे बारसं होतं. आत्या हिरवं लुगडं नेसून निघाल्या. मला बोलावणं नव्हतं. तसं कुणी उघड म्हणालं नाही, नुसतं माझ्याशी त्या बारशाबद्दल कुणी बोललंच नाही. निघताना आत्या दारात घुटमळल्या.

"कडी घालून पड जरा. म्या दिवेलागणीच्या आत येते."

"या सावकाश," मी म्हणाले.

त्या गल्लीच्या वळणाला दिसेनाशा झाल्या आणि मी स्वयंपाकघरातून उलथनं आणि परात घेतली. अंकुशचं लाकडी स्टूल दारात ठेवलं, परात कट्ट्यावर ठेवली आणि वर चढले. शालनवहिनीच्या पोरीसाठी माती काढतेय असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माती मारुतीच्या देवळामागेही मिळाली असती. मला जायच्या आधी ती भिंत मोकळी झालेली बघायची होती.

माहेरच्या परसात लहानपणी आम्ही अशी घरं पाडलेली. उलथन्याचं टोक कडेला घालून उचकटलं की कडकन् कपचा निघतो, आत कप्पे असतात, कप्प्यांत कोळी नाहीतर अळ्या भरून ठेवलेल्या असतात. तेवढ्याच तयारीने मी टोक घातलं. कपचा निघाला नाही. उलथनं मातीत रुतलं आणि कशावर तरी खर्रकन् घासलं. मला वाटलं खडा असेल. दुसऱ्या बाजूने घातलं, तिथेही तेच. मग मी उलथनं कमरेला खोचलं, दोन्ही हातांनी तो गोळा धरला आणि ओढला. माती माझ्या तोंडावर पडली आणि गोळा निघाला, पण खाली पडेना. भिंतीतल्या एका खिळ्याला तो तारेने लोंबकळत होता.

तार तांब्याची होती. वेढे घालून, पिळून, जाळीसारखी केलेली, आणि तिच्यावर माती थापलेली. मी खिळ्यावरून तार सोडवली आणि तो गोळा घेऊन खाली पायरीवर बसले. मातीत कडबा चुरून घातला होता, भिंत लिंपताना घालतो तसा. वरून नीट गुळगुळीत केलं होतं, पण भिंतीकडच्या बाजूला बोटं उमटली होती. मोठी बोटं. अंगठा तर स्पष्ट होता, मी माझा त्यात ठेवून बघितला तर भोवती जागा उरली.

गोळ्याच्या मध्ये पोकळी होती. परातीत उपडा केला तर त्यातून कोंड्यासारखं काहीतरी सुकलेलं बाहेर पडलं. सुकून गेलेल्या अळ्या असाव्यात. ज्या घरात वायरमन राहतो त्या घरात तांब्याची तार कुणाची, हे कळायला काही अक्कल लागत नाही. पण ते कळल्यावरसुद्धा मला पुढचं काही कळेना. मी परात पुढ्यात घेऊन बसून राहिले. उन्हं कट्ट्यावरून खाली उतरली तरी मी तिथेच होते.

अंकुशची सायकल आली. त्याने ती भिंतीला टेकवली, खांद्यावरचा पट्टा काढला, आणि मग त्याचं वर लक्ष गेलं. दाराच्या वर ओबडधोबड पांढरा डाग राहिला होता. मग त्याने परातीकडे बघितलं.

"पाडलंस," तो म्हणाला.

"हे तुम्ही केलंय."

तो माझ्यापासून हातभर अंतरावर पायरीवर बसला.

"बल्ब लावत हुतो," तो एकदम म्हणाला. "तू माहेरी हुतीस. आई बाजारला गेलेली. म्हणलं, तू बाळ घेऊन येशील तवा दारात उजेड पायजे. पट्टी ठोकताना हातोडी निसटली आन् त्याच्यावर बसली. निम्मं खाली आलं."

"मग?"

"आत अळ्या हुत्या. पांढऱ्या. जित्या हुत्या, सुलभा. या इथं पायरीवर पडून वळवळत हुत्या."

मी पायरीकडे बघितलं. तिथे आमचे पाय होते.

"मग म्या त्या उचलल्या. एकेक करून. मळ्यातनं माती आणली, तार गुंडाळली, त्यात त्या परत घातल्या आन् लिपलं. कुणाला कळू ने म्हणून. आईला, तुला."

"जगल्या का?"

"मला काय ठावं. भाईर तर काय आलं न्हाय."

"कधीची गोष्ट ही?"

"तुला झटकं आलं त्याच्या आदल्या आठवड्यातली."

आता मला सगळं कळलं. डॉक्टर आठवले. आपल्या चष्म्याच्या काचा पुसत त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं होतं, तुमची काही चूक नाही, कुणाचीच नाही, हा आजार असा येतो. मी म्हणाले, "रक्तदाब होता तो. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. म्या मान हलवली."

"पण पटलं नाही."

त्याने आपले हात मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बोलायला लागला. इतकं सलग बोलताना मी त्याला आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही फार वेळा ऐकलं नाही.

"जीपमदनं मांडीवर घेऊन आलो. ड्रायव्हर म्हणला, मागं ठेवा. म्या न्हाय ठेवलं. इथं आल्यावर खड्डा म्याच काढला. चुलता आला हुता संगं, त्याला लांब उभा केला. माती लोटायला लागलो तवा हाताला तेच लागलं. तशीच गार, वली माती. आधी त्यास्नी आत घालून लिपलं, मग आपल्या लेकराला. याच हातानं." त्याने हात उताणे केले. "तू म्हणलीस काढून टाका. कसं काढू? ते भिंतीवर हाय तवर कुणाला म्हाईत न्हाय, असं वाटायचं. काढलं की सगळ्यांना कळणार, ह्यानंच मारलं म्हणून."

"म्हणून मी गेले असते तरी चाललं असतं?"

"न्हाय," तो म्हणाला. "पर तू जातीयेस ते बराबरच हाय, असं वाटायचं."

मला त्याचा इतका राग आला की त्या रागाने माझे कान गरम झाले. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी होत होतं. हा माणूस रोज माझ्या शेजारी भिंतीकडे तोंड करून हे सगळं उरावर घेऊन निजत होता आणि मी त्याला दगड म्हणत होते. त्याला एक सणसणीत थोबाडीत द्यावी असं वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्या नखांत माती राहिली आहे का बघावं असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. जे कुणी मला सांगत नव्हतं ते विचारलं.

"मुलगा होता की मुलगी?"

त्याने माझ्याकडे बघितलं. खरोखर चकित झाला होता. "तुला सांगितलं न्हाय कुणी?"

"कोण सांगणार? मी विचारलं तेव्हा तुम्ही उठून गेलात."

"पोरगी हुती," तो म्हणाला.

"केस होते?"

"लई हुते. काळंभोर. कपाळावर आल्यालं."

"तोंड कुणासारखं होतं?"

"तुझ्यासारखं. हनवटी तर तुझीच. म्या फडकं बाजूला करून बघितलं. बघायचं नसतंय म्हणत्यात. म्या बघितलं."

मी हनवटीला हात लावला तर तो माझाच हात मला परका वाटत होता. मग मला रडू आलं. मोठं नाही, आवाजसुद्धा नाही, नुसतं नाकातोंडातून पाणी आलं आणि येत राहिलं. अंकुशने खांद्यावरचा टॉवेल पुढे केला. त्याला ग्रीसचा वास येत होता. मी त्यात तोंड पुसलं.

"मला दाखवा," मी म्हणाले.

"काय?"

"तिची जागा."

"बायका जात न्हाईत तिकडं, सुलभा. आई काय म्हणंल?"

"त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत. रविवारी जायच्या आधी मी ती बघणार. तुम्ही दाखवा, नाहीतर मी चुलत्यांना विचारते."

तेवढ्यात आत्या वळणावरून येताना दिसल्या. दिवस अजून पुरता बुडाला नव्हता. त्या आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आधी भिंतीवरचा डाग बघितला, मग माझं तोंड, मग आपल्या लेकाचं. मी उठून उभी राहिले. आता ही बाई कपाळ बडवून घेणार, माझी सात कुळं काढणार, अशी माझी खात्री होती.

आत्या वाकल्या. परातीतला गोळा उचलून त्यांनी उलटा-पालटा केला.

"पाडलंस व्हय."

"हो. शालनवहिनीला माती द्यायची होती," मी म्हणाले. तेवढंच तोंडात आलं.

"ही? ही कुठली कुंभारणीची? आपल्या मळ्यातली तांबडी माती ही. लेकराच्या गालाला काय बी फासायचं व्हय? म्हणून तर तिला देवळाकडं धाडलं."

अंकुशने झटकन् मान वर केली. "तुला ठावं हुतं?"

"इतक्या दिसांत एक बी माशी आत-भाईर करंना. मला डोळं हाईत." आत्यांनी गोळा परत परातीत ठेवला आणि हात लुगड्याला पुसला. "तू जपत हुतास, म्हणून म्याबी जपलं. तुला सुदरंल तवा तूच काढशील म्हणलं. हिनं काढलं. बरं झालं."

अंकुश आईसमोर लहान मुलासारखा तळहाताने डोळे पुसत राहिला. मी आत्यांकडे बघत होते. नातवंडाच्या आशेने ही माती धरून बसली आहे असं मी ज्या बाईबद्दल धरून चालले होते, ती आपल्या लेकाने केलेला चिखलाचा गोळा दारावर सांभाळत बसली होती, आणि त्यासाठी गावात चिक्कू ठरायलाही तयार झाली होती. मला लाज वाटली का? तेव्हा नाही वाटली. तेव्हा मला एकच दिसत होतं.

"आत्या, मी तिला बघून येते," मी म्हणाले. "ओढ्याकडे जाऊन येते."

ओढा मी अंदाजानेच म्हणाले. आमच्याकडे लहान लेकरांना तिकडेच नेतात. 'तिला' हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी उच्चारला होता. आत्यांच्या नकाराची वाट बघत मी उभी राहिले. नाही म्हणाल्या असत्या तरी मी जाणारच होते.

"चपला घाल," आत्या म्हणाल्या. "आन् बांधाच्या कडंनं जावा. मधल्या वाटंला बाभळीचं काटं लई हाईत."

अंकुश उभा राहिला. "आई, म्या तर कुणालाच जागा सांगितली न्हाय. तू कवा गेली हुतीस?"

आत्यांनी पायरीवरची परात उचलली. त्या आमच्याकडे बघत नव्हत्या.

"आत्ता तिथनंच येतीया," त्या म्हणाल्या. "पाटलीणबाईनं घुगऱ्या दिल्या बारशाच्या. घरला आणाव्या तर हिला काय वाटंल. म्हणून तिकडं ठेवून आले. तिचं तरी कुठं झालं बारसं."

आणि परात घेऊन त्या आत गेल्या.

मी चपला घातल्या. अंकुश पुढे आणि मी मागे, बांधाच्या कडेने आम्ही गेलो. दादाला येऊ नकोस म्हणून कळवायचं त्या गडबडीत राहूनच गेलं. रविवारी तो आला, आत्यांच्या हातचं जेवला आणि एकटाच परत गेला.